कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि काचेची बरणी

घरच्या घरी साबण तयार करण्याचा जोडधंदा आता खेड्यापाड्यांतून पुष्कळ ठिकाणी चालतो. किनारपट्टीवर खोबरेल तेलाचा, तर पठारावर करंजाच्या किंवा निंबोळीच्या तेलाचा साबण महिला बचत गट तयार करतात व आठवडी बाजारात विकतात. या कामास तीनच मुख्य जिनसा लागतात : तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. पहिल्या दोहोंची ओळख प्रत्येक घरास आहे. तिसरीची ओळख मात्र बहुधा पुडीवरील नावापुरतीच असते, आणि या उद्योगात होणाऱ्या दुखापतींचे मूळ तेथेच आहे.

हे अपघात साधारणपणे एकाच तऱ्हेने घडतात. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळविण्यासाठी घरातील एखादी जाड काचेची बरणी घेतली जाते. धातूच्या भांड्यास कॉस्टिक खातो, काचेस काही होत नाही, असे कोणीतरी सांगितलेले असते. बरणीत पाणी घेऊन त्यात सोडा टाकला जातो. प्रथम काही विशेष घडत नाही. नंतर बरणी तापते, वाफ येऊ लागते. आणि ती उचलून बाजूस ठेवावी म्हणून हात घालताच तळ खालच्या खाली सुटतो. वरचा भाग हातात राहतो आणि उकळत्या पाण्याच्या जवळपास तापलेले दाहक द्रावण पावलांवर, मांडीवर किंवा शेजारी खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर जाते. लोक याला बरणी अचानक फुटली असे म्हणतात. वस्तुतः त्यात अचानक असे काहीही नाही. काचेची बरणी या कामास घेतली तेव्हाच तिचे फुटणे जवळजवळ ठरलेले असते.

भांडे का फुटते?

कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळताना फार मोठी उष्णता सुटते. शंभर ग्रॅम सोडा विरघळला म्हणजे एक लिटर पाणी सुमारे २५ अंश सेल्सिअसने तापविण्याइतकी उष्णता बाहेर पडते. साबणासाठी पाणी एवढे घेत नाहीत. शंभर ग्रॅम सोड्यास पाव लिटरच्या आसपासच घेतात. त्यामुळे तीच उष्णता थोड्या पाण्यात कोंडते आणि चुलीवर न ठेवताही द्रावणाचे उष्णतामान काही मिनिटांत ८० ते ९० अंशांपर्यंत चढते. ज्या शेतकऱ्याने बोर्डो मिश्रणासाठी कळीचा चुना विरविला आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. वजनास वजन धरले तर चुना विरताना सुटणारी उष्णता आणि कॉस्टिक विरघळताना सुटणारी उष्णता जवळपास सारखीच आहे. फरक इतकाच की चुना खदखदतो, फुलतो व आपला ताप डोळ्यांना दाखवितो. कॉस्टिक शांतपणे नाहीसा होतो आणि भांडे मात्र तापून निघते.

काच ही उष्णता सहजासहजी वाहून नेत नाही. बरणीच्या आतील पृष्ठभागास गरम द्रावण लागले की तो लगेच प्रसरण पावू लागतो. बाहेरील पृष्ठभाग अजून थंडच असतो व जागचा हलत नाही. आतील थर बाहेरील थरास ताणतो. काच दाब पुष्कळ सहन करते, परंतु ताण फारसा सहन करीत नाही. बाहेर कोठे बारीकशी ओरखड असेल तर तेथून तडा सुरू होतो. थंडीच्या दिवसांत जाड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला म्हणजे पेला तडकतो आणि पातळ पेला टिकतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. कारण हेच आहे. जाड काचेत आतबाहेरच्या उष्णतामानातील अंतर अधिक राहते. यास्तव ‘बरणी चांगली जाड आहे’ हे समाधान खोटे आहे. जाडी धक्क्यापासून रक्षण करते, तापापासून नव्हे. नेहमीच्या काचेस चाळीस-पन्नास अंशांचा एकाएकी झालेला फरकदेखील पुरेसा होतो, आणि येथे फरक त्याहून अधिक असतो.

तळच का सुटतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. कॉस्टिक सोडा पाण्याहून जड. ढवळण्यात कसूर झाली की त्याच्या पापड्या तळाशी जाऊन थरासारख्या बसतात, आणि सारी उष्णता त्या एकाच जागी सुटते. बरणीचा तळ व बाजू जेथे मिळतात तेथे काच सर्वात जाड असते. त्यातच बरणी ओल्या शहाबादी फरशीवर ठेवलेली असली तर खालून गारवा आणि आतून आग, असा दुहेरी ताण तळावर येतो. उचलताना द्रावणाचा भार पडला की उरलेसुरले काम होऊन जाते.

याशिवाय एक सावकाश चालणारे कारण आहे. काच मुख्यतः वाळूतील सिलिका या द्रव्याची बनलेली असते आणि कॉस्टिक सोडा सिलिकेस हळूहळू विरघळवितो. तीव्र व गरम द्रावणात हे काम वेगाने होते. काच धुरकट दिसू लागते, गुळगुळीतपणा जातो आणि दर खेपेस ती थोडी अधिक दुबळी होते. म्हणूनच ‘मागे चार वेळा याच बरणीत केले, काही झाले नाही’ असे कोणी म्हणू लागल्यास ती बरणी पाचव्या खेपेस अधिक धोक्याची झाली आहे असे समजावे. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच तापाने साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांश इतकीच प्रसरण पावते, म्हणून ती ताप बराच सहन करते. परंतु कॉस्टिक तिलाही खातो. घरच्या कामासाठी तिचाही भरवसा धरू नये.

लोणच्याची चिनी मातीची बरणी हा दुसरा मोह. तिच्यावरील झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर आणि भिंत तर काचेहून जाड. तीही याच रीतीने तडकते. शिवाय ती पुढे पुन्हा लोणच्यास वापरली जाण्याचा संभव असतो, ही गोष्ट वेगळीच.

गठ्ठा झालेला सोडा

बरण्या फुटण्याचे एक कारण असे आहे की त्याकडे शिकविणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. कॉस्टिक सोडा हवेतील ओलावा झपाट्याने ओढून घेतो. पावसाळ्यात झाकण सैल राहिले तर त्याच्या सुट्या पापड्यांचा दगडासारखा गठ्ठा बनतो. तो काचेच्या बरणीत असेल तर घरातील मनुष्य काय करतो? एक तर उलथने किंवा लोखंडी सळई खुपसून गठ्ठा फोडू पाहतो, आणि त्या घावाने तळास तडा जातो. नाही तर गठ्ठा सुटावा म्हणून त्यावर थोडे पाणी ओततो. हे दुसरे कृत्य पहिल्यापेक्षा वाईट आहे. भरपूर कॉस्टिक आणि घोटभर पाणी अशी स्थिती झाली म्हणजे ते पाणी तेथल्या तेथे उकळते, दाहक थेंब तोंडापर्यंत उडतात आणि बरणीही फुटते. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये, हा नियम याचसाठी आहे.

गठ्ठा झालेला सोडा साबणास वापरण्याचा आग्रह धरू नये. त्याने किती पाणी धरले आहे हे वजनावरून कळत नाही, म्हणून साबणाचे प्रमाणही चुकते. एका वेळच्या कामापुरताच सोडा विकत आणावा. तो ज्या जाड प्लास्टिकच्या डब्यात येतो त्यातच, झाकण घट्ट लावून, उंच व कुलपाच्या जागी ठेवावा. काचेत भरून ठेवू नये. काचेचे बूच असलेल्या बाटलीत कॉस्टिकचे द्रावण ठेवल्यास बूच व मान यांमध्ये क्षार साचून ते असे पक्के बसते की काढताना मानच मोडते. असे बसलेले बूच ठोकून किंवा तापवून काढण्याचा प्रयत्न करू नये.

कोणते भांडे घ्यावे?

स्टेनलेस स्टीलचे उभे पातेले हे या कामास सर्वात चांगले. ते फुटत नाही, तडकत नाही आणि साबणाच्या कामातील द्रावणाने त्यास अपाय होत नाही. प्लास्टिक वापरावयाचे असल्यास भांड्याच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा पाहावा. २ म्हणजे जाड पॉलिथीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या दोहोंपैकी ताप अधिक सोसते ते पॉलिप्रॉपिलीन. तळाशी १ हा आकडा असलेली पाण्याची व शीतपेयांची बाटली अजिबात चालत नाही. गरम द्रावणाने ती मऊ पडून आक्रसते आणि कॉस्टिक तिच्या प्लास्टिकलाच खातो. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या बाटलीतील द्रावण पिण्याच्या पाण्यासारखे दिसते.

काच टाळावी म्हणून हाताशी येईल ते धातूचे भांडे घेणे हेही तितकेच चुकीचे होय. जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले किंवा दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन कॉस्टिक भराभर खातो. द्रावण फेसाळते, भांड्यास भोके पडतात आणि हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. चूल जवळ असेल तर भडका उडण्यास वेळ लागत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीची गत तीच. कल्हईच्या पितळी भांड्याची कल्हई जाते. साधे लोखंड कॉस्टिकने सहसा बिघडत नाही, मात्र गंज साबणात उतरतो. इनॅमलचे भांडे चालते, पण टवका उडालेले नसले तरच. मातीचे मडके पाझरते, म्हणून ते नको.

द्रावण करण्याची रीत

एक किलो खोबरेल तेलाचे उदाहरण घेऊ. त्यास सुमारे १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ४०० मिलिलिटर पाणी लागते. इतर तेलांना हे प्रमाण चालत नाही. एरंडेलास याहून पुष्कळ कमी सोडा लागतो, म्हणून एका तेलाचा आकडा दुसऱ्यास लावू नये. द्रावण अर्धा लिटरच्या आतबाहेर भरेल, तरी पातेले दोन ते तीन लिटरचे घ्यावे. काठोकाठ भरलेले भांडे ढवळता येत नाही.

काम घराबाहेर, मोकळ्या हवेत पण वाऱ्याच्या झोतात नव्हे, अशा जागी करावे. मुले व जनावरे दूर असावीत. कीटकनाशके फवारताना वापरावयाचा बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा येथेही लावावा. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व पाऊल झाकणारी पादत्राणे असावीत. पाण्याने भरलेली बादली व तांब्या अगोदरच जवळ ठेवावा. अपघात झाल्यावर पाणी आणावयास जाणे म्हणजे उशीर करणे.

पातेले ओट्याच्या कडेवर न ठेवता जमिनीवर सपाट जागी ठेवावे, आणि तेही एखाद्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात. काही सांडलेच तर ते टबात राहील. पातेल्यात प्रथम थंड पाणी घ्यावे. नंतर मोजलेला सोडा चिमूट-चिमूट टाकीत स्टीलच्या लांब पळीने सतत ढवळावे, म्हणजे तळाशी थर बसणार नाही. पुढील चिमूट मागची विरघळल्यावर. घाई करण्यासारखे यात काहीच नाही. निघणारी वाफ खोकला आणते, म्हणून तोंड पातेल्यावर धरू नये. उष्णतामान पाहण्यासाठी काचेच्या तापमापीने ढवळण्याची सवय काहींना असते. तिचा फुगा मोडला म्हणजे काचेचे तुकडे आणि आत पारा असल्यास तोही द्रावणात जातो. धातूच्या दांड्याची तापमापी घ्यावी. दांडा मात्र स्टेनलेस स्टीलचा असावा.

द्रावण तयार झाले की पातेले उचलू नये. ते तेथेच झाकून निवू द्यावे. घाई असेल तर टबात थंड पाणी ओतावे. स्टीलला त्याने काही होत नाही. सुमारे ४० अंशांपर्यंत निवल्यावर पुढील काम करावे. उरलेले गरम द्रावण बंद डब्यात भरू नये. निवताना डबा आत ओढला जातो आणि झाकण उघडताना द्रावण उसळते. खरे पाहता द्रावण उरेल इतके करूच नये.

गावपातळीवर प्रात्यक्षिक दाखविणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक मोह आवर्जून टाळावा. मागे बसलेल्यांना दिसावे म्हणून पारदर्शक काचेच्या भांड्यात द्रावण करून दाखविण्याची पद्धत आढळते. एखादे वेळी ते निभावून जाईलही. पण पाहणारी प्रत्येक बाई घरी जाऊन काचेचेच भांडे घेईल. प्रात्यक्षिकात जे भांडे असते तेच गावात जाते.

आम्लाच्या बाबतीत उलट

काचेविषयीचा गैरसमज बहुधा आम्लावरून आलेला असावा. गंधकाम्ल किंवा मीठाम्ल काचेच्या बाटलीत मिळते आणि ते योग्यच आहे, कारण ही आम्ले काचेस खात नाहीत. घरची सरकी पेरणारे शेतकरी तिच्यावरील तंतू काढण्यासाठी किलोस सुमारे १०० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल वापरतात. तेथे धातूचे भांडे चालत नाही. प्लास्टिकची बादली लागते. थोडक्यात, जे पातेले कॉस्टिकला चांगले ते आम्लाला वाईट, आणि जी बाटली आम्लाला चांगली ती कॉस्टिकला वाईट. आम्लाची बाटली मानेस धरून उचलू नये. ती वाळू घातलेल्या बादलीत उभी करून न्यावी. आम्ल व कॉस्टिक शेजारी ठेवू नयेत. दोन्ही एकत्र आल्यास स्फोटासारखे उसळतात.

बरणीत द्रावण आधीच केले असल्यास

काचेत द्रावण करून झाल्यावर हा धोका ध्यानात आला तर बरणी हलवू नये, तिच्याखाली काही सरकवू नये, तिच्यावर पाणी शिंपडू नये. सर्वांना दूर करावे व ती आपोआप पूर्ण निवू द्यावी. त्यास काही तास लागतात. निवल्यावर मोजे व चष्मा घालून, बरणीच्या तळाखाली हात देऊन ती प्लास्टिकच्या बादलीत ठेवावी व बादलीतूनच न्यावी.

बरणी फुटलीच तर सांडलेल्या द्रावणावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी, ती प्लास्टिकच्या सुपलीने गोळा करावी आणि राहिलेली जागा पुष्कळ पाण्याने धुवावी. काचेचे तुकडे उघड्या हाताने वेचू नयेत, त्यांवर दाहक पाणी असते. हे पाणी शेताकडे किंवा विहिरीजवळ वाहू देऊ नये. कॉस्टिकमधील सोडियमनेच जमीन चोपण होते.

अंगावर द्रावण पडल्यास लागलीच भिजलेले कपडे काढून ती जागा वाहत्या पाण्याखाली धरावी व निदान २० मिनिटे धुवावी. येथे एक फसवी गोष्ट आहे. कॉस्टिक लागलेली त्वचा प्रथम दुखण्याऐवजी बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे त्वचेतील स्निग्धांशाचा साबण होत असल्याची खूण होय. वेदना मागाहून येते, तोवर जखम खोल गेलेली असते. म्हणून दुखत नाही असे म्हणून थांबू नये. लिंबू, व्हिनेगर, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. त्यात धुण्याचा मोलाचा वेळ जातो आणि आंबट पदार्थ कॉस्टिकशी मिळून आणखी ताप उत्पन्न करतो. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून अर्धा तासभर सतत पाणी सोडावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेतही धुणे थांबवू नये. कॉस्टिकने डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि तो वाचणे हे पहिल्या काही मिनिटांतील पाण्यावर अवलंबून असते. कोणी द्रावण प्यायल्यास ओकारी काढवू नये. बाहेर येताना ते घसा पुन्हा भाजते. तोंड धुऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि सोड्याचा डबा बरोबर न्यावा.

नावे सारखी, जिनसा वेगळ्या

धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही नावे ऐकताना एका घराण्यातील वाटतात. दिसावयासही तिन्ही पांढरे. कॉस्टिकच्या पापड्या तर अंधारात खडीसाखरेच्या तुकड्यांसारख्या भासतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कॉस्टिक : विष’ असे लिहावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तांबड्या रंगाने फुली काढावी. पातेले व पळी काम संपल्यावर भरपूर पाण्याने धुवावी, त्यांवरही तीच तांबडी फुली करावी आणि ती स्वयंपाकघरात परत न नेता सोड्याच्या डब्याशेजारी कुलपात ठेवावीत.